नागिणीचें कूळ

घरांतील एखाद्या वडील माणसाच्या कमरेला किंवा बरगडीला एका बाजूस आग होऊं लागते. दोनतीन दिवस कोणास कांहीं उमगत नाहीं. नंतर तेथें तांबडा पट्टा उठतो व त्यावर पाण्यानें भरलेल्या फोडांचे झुबके दिसूं लागतात. मग पाहावयास येणारा पहिलाच माणूस निदान सांगतो, "ही नागीण आहे." पाठोपाठ दुसरें वाक्य येतें, "हिचें तोंड आणि शेपूट मिळूं देऊं नका." वेटोळें पुरें झालें कीं माणूस दगावतो, ही समजूत आमच्या मराठवाड्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, शिकल्यासवरल्या घरींहि अजून टिकून आहे. कोणी गेरूचा लेप सुचवितो, कोणी नागीण उतरविणाऱ्याचा पत्ता देतो. आणि ज्या दोनतीन दिवसांत खरें औषध पोटांत जावयास हवें, नेमके तेच दिवस या धांवपळींत निघून जातात.

त्याच घरांत पलीकडच्या खोलींत एक लेकुरवाळी सून असते, दुसरीला कदाचित् दिवस गेलेले असतात. आजोबांच्या पाठीवरील नागिणीपासून तान्ह्या नातवाला कांजिण्या येऊं शकतील, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. येणार तरी कसें? आपल्या घरगुती गणनेंत कांजिण्या देवी व गोवर यांच्या पंक्तीला बसविलेल्या, आणि नागीण सापाच्या जातींत घातलेली! एकीचा दुसरीशीं संबंध असेल अशी शंका येण्याचें कारणच नाहीं. म्हणून या महिन्यांत या रोगांची वंशावळ वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. कोण कोणाचा सगा, हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं. घरांत कोणाला कोणापासून दूर ठेवावें, कोणतें औषध कोणत्या दुखण्याला लागू पडेल, हें त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

नांव सारखें म्हणजे नातें असलेंच पाहिजे असें नाहीं, हें आम्हां टेंभुर्णीच्या लोकांस निराळें सांगावयास नको. आमचें गांव जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यांत; सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतहि एक टेंभुर्णी आहेच. पत्त्यांत तालुका व जिल्हा घातला नाहीं तर आमचें पत्र सोलापूरकडे वळण्याचा संभव असतो. दोन्ही गांवांचें नांव एक, पण शिवाराला शिवार कोठेंच लागत नाहीं. याच्या उलटहि प्रकार आहे. एकाच मूळ पुरुषाच्या वंशांत एक शाखा कुलकर्णी म्हणवते, दुसरी देशपांडे होते, तिसरी गांवावरून आडनांव लावते. तीन पिढ्यांनंतर त्यांच्या मुलांना आपण भाऊबंद आहोंत हें कुलवृत्तान्त उघडल्यावांचून कळत नाहीं. रोगांच्या जगांत हे दोन्ही प्रकार आढळतात. देवी आणि कांजिण्या हा पहिला प्रकार, कांजिण्या आणि नागीण हा दुसरा.

पहिल्या प्रकारापासून आरंभ करूं. देवीचे फोड आणि कांजिण्यांचे फोड वरवर पाहतां एकाच वळणाचे. त्यामुळें शेंकडों वर्षें कांजिण्या म्हणजे सौम्य देवी असेंच सर्वत्र मानीत. युरोपांतील वैद्यांनीं देवीला व्हॅरिओला म्हटलें आणि त्याच शब्दाचें लघुरूप करून कांजिण्यांना व्हॅरिसेला हें नांव दिलें, म्हणजे जणूं धाकटी देवी! ही चूक प्रथम स्पष्टपणें दाखवून दिली ती विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें. १७६७ सालीं लंडनच्या वैद्यमंडळापुढें वाचलेल्या निबंधांत त्यानें सांगितलें कीं, हे दोन रोग निराळे आहेत, आणि कांजिण्या येऊन गेलेल्या माणसास देवीचें भय पूर्वींइतकेंच राहतें. फोडांची तऱ्हाहि निराळी असते. देवीचे फोड चेहरा व हातपाय यांवर दाट, खोल आणि एका भागांत सारे एकाच अवस्थेंतले. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर अधिक, वरवरचे आणि लाटांनीं येणारे. एक पिकत असतां दुसरा नुकता उठत असतो व तिसऱ्यावर खपली धरलेली असते.

आपल्या आज्या-पणज्यांना हा भेद निराळ्या रीतीनें कळत असे. १८०२ सालच्या जून महिन्यांत मुंबईस ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली लस. तेव्हांपासून गांवोगांवीं देवी टोंचणारे फिरूं लागले. टोंचलेलीं मुलें देवीपासून वांचत, परंतु कांजिण्या त्यांना खुशाल येत, आणि मग "देवी टोंचून काय उपयोग झाला?" असा प्रश्न माजघरांतून निघे. त्याचें उत्तर कुळांत आहे. गाईची देवी ही माणसाच्या देवीची जवळची नातलग. तिच्याशीं परिचय झालेलें शरीर देवीला ओळखतें व अडवतें. कांजिण्यांचें तें कूळच नव्हे, म्हणून त्यांना ती ओळख मुळींच लागू पडत नाहीं. हिंदुस्थानांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला व १९८० सालच्या मे महिन्यांत सारें जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. कांजिण्या मात्र आजहि आपल्या घरीं येतात.

आतां दुसरा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्ट येथील बालवैद्य बोकाई यांच्या असें ध्यानांत आलें कीं, घरांतील एखाद्या मोठ्या माणसास नागीण झाली म्हणजे पुढें कांहीं दिवसांनीं त्याच घरांतील मुलांना कांजिण्या येतात. १९२५ सालीं कुंद्रातिट्झ यांनीं नागिणीच्या फोडांतील पाणी मुलांच्या कातडींत टोंचून पाहिलें, आणि ज्यांना पूर्वीं कांजिण्या आलेल्या नव्हत्या त्यांना त्या आल्या. आजच्या नीतीस असा प्रयोग मान्य होणार नाहीं. परंतु त्यानें संशय बराच फिटला. पुढें अमेरिकेंत टॉमस वेलर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत दोन्ही रोगांतील विषाणु पेशींच्या कांचपात्रांत वाढवून ते एकच असल्याचें दाखविलें.

तरीहि एक कोडें उरलेंच. लहानपणीं कांजिण्या होऊन गेल्यावर पन्नास-साठ वर्षांनीं नागीण येते ती कोठून? हें कोडें कोणा मोठ्या प्रयोगशाळेनें नव्हे, तर इंग्लंडांतील सिरेन्सेस्टर या लहानशा गांवीं वैद्यकी करणाऱ्या एडगर होप-सिम्प्सन या डॉक्टरांनीं सोडविलें. त्यांच्याकडे औषधास येणारी वस्ती सुमारे साडेतीन हजारांची. तींतील नागिणीच्या प्रत्येक रोग्याची त्यांनीं सोळा वर्षें नोंद ठेवली. कांजिण्यांची सांथ येते-जाते, पण नागिणीला सांथ नाहीं, ऋतु नाहीं. ती वयाबरोबर वाढत जाते, असें त्यांना आढळलें. यावरून १९६५ सालीं त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, नागीण बाहेरून येतच नाहीं. कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणु पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गांठींत दडी मारून बसतो. शरीराची राखण चांगली आहे तोंवर तो निपचित असतो. वय, दुखणें किंवा औषधें यांमुळें राखण ढिली पडली कीं, तो एखाद्या तंतूच्या वाटेनें कातडीपर्यंत उतरतो. १९८४ सालीं अमेरिकन संशोधकांनीं एकाच रोग्याला प्रथम झालेल्या कांजिण्या व नंतर झालेली नागीण यांतील विषाणूंचीं जनुकें ताडून पाहिलीं; तीं जुळलीं. गांवांतल्या एका डॉक्टरानें वहींत टिपून ठेवलेल्या नोंदींचें हें फळ आहे. आपल्याकडील खेड्यापाड्यांतील वैद्य-डॉक्टरांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

आतां या विषाणूचा वंशवृक्ष पाहूं. वनस्पति व प्राणी यांचे जसे सृष्टि, संघ, वर्ग, गण, कूळ, प्रजाति, जाति असे उतरते विभाग पाडतात, तसेच विषाणूंचेहि पाडतात. हें काम करणारी आंतरराष्ट्रीय समिति १९६६ सालीं मॉस्को येथें भरलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या परिषदेंत स्थापन झाली. तिच्या यादीप्रमाणें आपल्या विषाणूचा पत्ता वरून खालीं असा लिहावा लागतो: क्षेत्र डुप्लोडीएनएव्हिरिया, सृष्टि ह्युंगगाँगव्हिरी, संघ पेप्लोव्हिरिकोटा, वर्ग हर्व्हिव्हिरिसेटीस, गण हर्पीसव्हायरालीज, कूळ ऑर्थोहर्पीसव्हिरिडी, उपकूळ अल्फाहर्पीसव्हिरिनी, प्रजाति व्हॅरिसेलोव्हायरस, आणि जातीचें पूर्ण नांव व्हॅरिसेलोव्हायरस ह्यूमनअल्फा-३. नांवें तोंडांत बसावयास कठीण खरीं. पण गांव, तालुका, जिल्हा, प्रांत अशी ही मांडणी आहे असें समजलें म्हणजे भीति वाटत नाहीं. कुळाचें नांव पुष्कळ वर्षें नुसतें हर्पीसव्हिरिडी होतें. २०२२-२३ च्या फेररचनेंत त्याला 'ऑर्थो' हें उपपद लागलें. जातीचें नांवहि त्याच सुमारास दोन शब्दांचें करण्यांत आलें. व्यवहारांत मात्र डॉक्टर मंडळी 'व्हॅरिसेला-झोस्टर विषाणु' असेंच म्हणतात.

हर्पीस हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून निघाला त्याचा अर्थ सरपटणें. तो धातु आणि आपला संस्कृत 'सृप्' हे एकाच मुळाचे. 'सर्प' याच धातूचा, आणि चरकाचा 'विसर्प' हा कातडीवर पसरणारा रोगहि याच धातूवरून नांव पावलेला. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. म्हणजे ग्रीक वैद्यांना जो सरपटणारा पट्टा दिसला, तोच आपल्या माणसांना नागीण म्हणून दिसला. उपमा दोहींकडे एकच सुचली. मात्र उपमा वेगळी आणि निदान वेगळें, हें विसरतां कामा नये.

कूळ ठरवावयाचें तें कशावरून? प्रथम रूपावरून. या कुळांतील विषाणूंच्या पोटांत डीएनएचा दुहेरी धागा असतो. त्याभोंवतीं १६२ घटकांनीं बनलेली वीस पैलूंची डबी असते, आणि तिच्यावर स्निग्ध द्रव्याचें आवरण. नंतर वर्तनावरून. एकदां शरीरांत शिरलेला विषाणु आयुष्यभर दडून राहावयाचा, ही या साऱ्या घराण्याची रीत. कोणी कोठें दडतो यावरून उपकुळें पडलीं. अल्फा शाखेचे मज्जातंतूंत दडतात. ओठांवर पुनःपुन्हां फोड आणणारा विषाणु याच शाखेचा. बीटा व गामा शाखांचे विषाणु मुख्यतः रक्तांतील व इतर पेशींत वस्ती करतात. शेवटीं जनुकांवरून. १९८६ सालीं आपल्या विषाणूचा संपूर्ण जनुकलेख वाचण्यांत आला. तो सुमारे सव्वा लाख अक्षरांचा असून त्यांत सत्तरांच्या आसपास जनुकें आहेत. माणसाला बाधणाऱ्या या घराण्यांत सर्वांत आंखूड लेख हाच. रूप, वर्तन व जनुकलेख या तिन्ही साक्षी मिळाल्या, तेव्हां निकाल पक्का झाला.

आतां देवीकडे वळून पाहावें. तिचा विषाणुहि डीएनएचाच. पण तो सर्वांत वरच्या पायरीवरच, म्हणजे क्षेत्रांतच, निराळा पडतो. विषाणूंचीं ही क्षेत्रें स्वतंत्रपणें उगम पावलीं असें मानतात. आंब्याचें झाड आणि माणूस यांचाहि फार प्राचीन असा एक समाईक पूर्वज मानण्यांत येतो. देवी आणि कांजिण्या यांच्या विषाणूंचा तेवढाहि संबंध मानीत नाहींत. गोवर तर आणखी दूरचा, त्याच्या पोटांत डीएनएऐवजीं आरएनए. आपण ज्या तिघींना एका ओळींत बसविलें, त्या तीन निरनिराळ्या देशांच्या रहिवासी निघाल्या. गंमत अशी कीं, तिघींचेहि आप्त आपल्या गोठ्यांत सांपडतात. देवीची नातलग गाईची देवी, हें वर आलेंच. गोवराची जवळची नातलग म्हणजे गुरांची बुळकांडी. १९७५ पूर्वींच्या देवीप्रमाणें तीहि दावणीच्या दावणी रिकाम्या करी, व २०११ सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. कांजिण्यांच्या विषाणूच्या प्रजातींत घोडे, डुकरें व गाईबैल यांचे विषाणु गणलेले आहेत. गुरांना नाकाश्वासनलिकेची सूज आणून गाभ टाकावयास लावणारा विषाणु पुष्कळ वर्षें त्यांतच गणला जात आला आहे. मात्र तो विषाणु गोठ्यांतून घरांत येत नाहीं. कांजिण्या माणसाला माणसापासूनच होतात.

कूळ कळलें म्हणून औषध सांपडलें, याचा हा विषाणु उत्तम दाखला आहे. अल्फा शाखेच्या विषाणूंजवळ त्यांचें स्वतःचें एक विकर असतें. जर्ट्रूड एलियन व त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून आलेलें अ‍ॅसायक्लोव्हिर हें औषध त्या विकरानेंच जागें होतें व विषाणूची नक्कल तेथेंच थांबवितें. ज्या पेशींत विषाणु नाहीं तेथें तें बहुतेक निजलेलेंच राहतें. एलियन यांना १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गोवराजवळ हें विकर नाहीं, म्हणून गोवरावर हें औषध चालत नाहीं. नागिणीवर तें चालतें. परंतु फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या, आंत सुरू केलें तर त्याचा गुण अधिक. हे तीन दिवस आपण लेपांत व उताऱ्यांत घालवितों, हें या लेखाचें सर्वांत कळकळीचें सांगणें होय. उतारा करणाऱ्यास यश येतें तेंहि खोटें नाहीं. फोड आपोआप दोनचार आठवड्यांत वाळतातच. पण म्हाताऱ्या माणसांत फोड गेल्यावर महिनेन् महिने राहणारी जी मज्जातंतूंची वेदना, तिचें श्रेय मग कोणी घेत नाहीं.

तोंड आणि शेपूट मिळण्याच्या भयाचाहि येथेंच निकाल लागतो. मज्जातंतु डाव्याउजव्या जोड्यांनीं निघतात आणि प्रत्येकाचा अंमल शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच चालतो. विषाणु एका गांठींतून उतरतो, म्हणून पट्टाहि एकाच बाजूस उठून मध्यरेषेशीं थांबतो. वेटोळें पुरें न होणें हा कोणाच्या मंत्राचा गुण नव्हे. ती शरीराची रचना आहे. क्वचित् फार अशक्त झालेल्या किंवा प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें घेणाऱ्या माणसाच्या अंगावर फोड इतरत्र पसरतात. तेव्हां त्यास रुग्णालयांत न्यावें. खरें भय कपाळावरच्या नागिणीचें. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला अथवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा; दृष्टीवर बेतूं शकतें.

एकत्र कुटुंबांतील गृहिणींनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नागिणीच्या रोग्यापासून दुसऱ्यास नागीण होत नाहीं. पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहींत व लसहि टोंचलेली नाहीं, त्याला फोडांच्या पाण्यापासून कांजिण्या होऊं शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झांकून ठेवावे, पंचा व अंथरूण निराळें असावें, आणि तान्हें मूल आजोबांच्या मांडीवर देऊं नये. कांजिण्या न आलेल्या गरोदर स्त्रीनें तर दूरच राहावें. बाळंतपणाच्या आधीं पांच दिवसांपासून नंतर दोन दिवसांपर्यंत आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर नवजात बालकाच्या जिवास धोका असतो. मुलाला कांजिण्या आल्या असतां त्या दिसण्यापूर्वीं एकदोन दिवस तो संसर्ग देऊं लागलेला असतो, व दुसऱ्यांत त्या १० ते २१ दिवसांनीं उमटतात. कडुलिंबाच्या पाल्यावर निजविणें व निराळ्या खोलींत ठेवणें या जुन्या चालींत वाईट कांहीं नाहीं, दुसरी तर हिताचीच आहे. मात्र तापासाठीं अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊं नये. एक समाधानाची गोष्टहि सांगावयाची आहे. नातवंडांच्या कांजिण्यांचा वारा लागल्यानें आजीआजोबांच्या शरीराची राखण ताजी होते व नागीण लांबते, असा तर्क होप-सिम्प्सन यांनींच केला होता, आणि पुढील कांहीं पाहण्यांनीं त्यास पुष्टि मिळाली आहे. अर्थात् त्यासाठीं कोणी मुद्दाम कांजिण्या घरांत आणूं नयेत. मुलांसाठीं जपानांतील ताकाहाशि यांनीं १९७४ सालीं पुढें आणलेली लस आहे, आणि पन्नाशी उलटलेल्यांसाठीं नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्या देशांतहि मिळूं लागली आहे. ती महाग आहे. घ्यावी कीं कसें, हें आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावें.

वर्गीकरणाचें काम संपलें असें मात्र समजूं नये. २०२२ सालीं मंकीपॉक्स, म्हणजे देवीच्या कुळांतील तो आफ्रिकेकडील रोग, हिंदुस्थानांत आला. तेव्हां संशयितांच्या फोडांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे तपासणीस गेले. १९५२ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंतील संशोधकांना त्यांपैकीं कांहींजणांत मंकीपॉक्स नव्हे, तर कांजिण्यांचाच विषाणु आढळला. त्यांतील कांहीं नमुने तर नवव्या उपशाखेचे निघाले, जी आपल्या देशांत पूर्वीं नोंदलेली नव्हती. हेबर्डनला अडीचशें वर्षांपूर्वीं पडलेला प्रश्न पुण्याच्या प्रयोगशाळेपुढें पुन्हां उभा राहिला. फरक इतकाच कीं, आतां उत्तर डोळ्यांच्या अंदाजानें न देतां जनुकें वाचून देतां येतें.

दुखण्याचें नांव काय, हें शेजारीहि सांगतात. त्याचें कूळ कोणतें, हें मात्र जाणत्यास विचारावें, आणि तेंहि पहिल्या तीन दिवसांच्या आंत विचारावें.